टेरेलची उड्डाणशाळा (१९४१-४५): टेक्सासच्या काळ्या मातीत घडलेले ब्रिटिश वैमानिक

होकायंत्र
युद्धकाळातल्या वैमानिक प्रशिक्षणाचा विषय निघाला की गाडी कॅनडावर थांबते. रास्तच आहे. १७ डिसेंबर १९३९च्या राष्ट्रकुल हवाई प्रशिक्षण करारातून तिथे १,३१,५५३ हवाई कर्मचारी तयार झाले. पण त्या योजनेच्या सावलीत एक लहानसं प्रकरण राहून जातं: अमेरिकेतल्या ब्रिटिश उड्डाणशाळा, म्हणजे बीएफटीएस. एकूण सहा उभ्या राहिल्या. टेक्सासमध्ये टेरेल, कॅलिफोर्नियात लँकेस्टर, ओक्लाहोमात मायामी आणि पोंका सिटी, अ‍ॅरिझोनात मेसा, फ्लोरिडात क्लुइस्टन. (ओक्लाहोमातलं मायामी वेगळं, फ्लोरिडातलं वेगळं. गल्लत फार होते.) सातवी टेक्सासच्याच स्वीटवॉटरला निघाली आणि लगेच गुंडाळली.

या धाग्यात पहिल्या क्रमांकाच्या टेरेलबद्दल बोलू. डॅलसच्या पूर्वेला पन्नासेक किलोमीटरवर कापसाच्या शिवारातलं छोटं गाव. पहिली तुकडी जून १९४१मध्ये आली तेव्हा टेरेलचं मैदान तयार नव्हतं, म्हणून डॅलसच्या लव्ह फील्डवर सुरुवात झाली. ऑगस्टमध्ये मुक्काम टेरेलला हलला. युद्ध संपेपर्यंत २७ तुकड्या आणि दोन हजारांहून जास्त कॅडेट तिथून गेले.

रचना मजेशीर होती. शाळा चालवणारा खासगी कंत्राटदार: मेजर विल्यम लाँग. उड्डाण शिकवणारे अमेरिकन नागरिक, मेकॅनिक आणि खानावळही त्यांचीच. विमानं अमेरिकन सरकारची, लेंड-लीज, म्हणजे मित्रदेशांना युद्धसामग्री उसनी देण्याच्या कायद्याखाली (११ मार्च १९४१). ब्रिटिशांचे म्हणून मोजके अधिकारी. शिस्त, परीक्षा आणि 'हा मुलगा आमच्या कामाचा की नाही' हा निकाल एवढंच त्यांच्या हातात.

आणि अमेरिका तेव्हा तटस्थ! म्हणून सुरुवातीच्या तुकड्या कॅनडातून सीमा ओलांडताना गणवेश पेटीत ठेवून राखाडी सूट घालून आल्या. कागदोपत्री ते परदेशी विद्यार्थी होते. पर्ल हार्बरनंतर सूट गेले, गणवेश आले.

---

शंकासुर
धागा आवडला. एक बाळबोध प्रश्न. इंग्लंडमध्ये विमानतळ कमी होते का? अटलांटिक ओलांडून, पाणबुड्या चुकवत पोरं पाठवायची आणि शिकवून परत आणायची, हा उपद्व्याप कशासाठी?

---

होकायंत्र
विमानतळ होते, पण ते लढणाऱ्या स्क्वाड्रननी भरलेले. त्यात ढग आणि धुकं. नवशिक्याला खालचं दिसलं पाहिजे, क्षितिज दिसलं पाहिजे. इंग्लंडच्या हिवाळ्यात आठवड्यातले कित्येक दिवस विमान बाहेरच काढता येत नसे. शिवाय रात्री दिवेबंदी, आणि धावपट्टीवर दिवे लावले की शत्रूचं विमान तिथेच घिरट्या घालतंय ही धास्ती. वेग नसलेलं, शस्त्र नसलेलं शिकाऊ विमान म्हणजे आयती शिकार.

टेक्सासमध्ये यातलं काहीच नाही. सुरुवातीचा अभ्यासक्रम २० आठवड्यांचा होता, तो पुढे २८ आठवडे आणि २०० तासांपर्यंत वाढला. म्हणजे आठवड्याला सरासरी सात तास उड्डाण. अर्धा दिवस विमानात, अर्धा वर्गात. असं वेळापत्रक हवामानाने साथ दिली तरच पाळता येतं.

---

कोरडवाहू
हवामान चांगलं हे खरं, पण मातीचं काय? टेरेल ब्लॅकलँड प्रेअरीत येतं. ही आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या कसदार मातीचीच बहीण: तीच चिकण, उन्हाळ्यात तळहात जाईल एवढ्या भेगा, पावसात चिखलाचे गोळे. कापूस उगीच पिकत नाही तिथे. अशा मातीत गवती मैदानावर विमान उतरवायचं तर पाऊस पडून गेल्यावर चाकांना लगदा चिकटतो, ब्रेकच्या आसपास भरतो आणि एका बाजूचं चाक जड चालायला लागतं. अरुंद चाकांच्या विमानाला तेवढं निमित्त पुरतं गिरकी घ्यायला.

---

दुपंखी
कोरडवाहू, +१. गिरकीवर पुढे लिहितो, आधी विमानं सांगतो, कारण टेरेलचा सगळा खेळ त्या क्रमात आहे.

सुरुवातीला तीन पायऱ्या होत्या. पहिली स्टीअरमन: एकावर एक पंखांच्या दोन जोड्या असलेलं, उघड्या कॉकपिटचं, सव्वादोनशे अश्वशक्तीच्या आसपासचं इंजिन. धड पोलादी नळ्यांचं, पंखात स्प्रूस लाकडाच्या तुळया, वरून कापड. रेडिओ नाही. दुसरी व्हल्टी बीटी-१३: पंखांची एकच जोडी, ४५० अश्वशक्ती, चाकं खालीच पक्की, फ्लॅप (उतरताना पंखामागून खाली येणाऱ्या पट्ट्या) हाताने फिरवून खाली करायचे. सगळा सांगाडा थरथरतो म्हणून पोरं तिला 'व्हायब्रेटर' म्हणत. तिसरी एटी-६, म्हणजे आपण जिला हार्वर्ड म्हणतो ती: ६०० अश्वशक्ती, चाकं आत ओढली जातात, प्रोपेलरचा कोन बदलता येतो.

पुढे मधली पायरी काढून टाकली. स्टीअरमनवरून थेट हार्वर्ड. माझ्या मते टेरेलमध्ये घेतलेला हा सगळ्यात शहाणा निर्णय.

---

चक्रधर
थोडा असहमत. मधली पायरी काढली म्हणजे २२० घोड्यांवरून थेट ६०० घोड्यांवर. अमेरिकन लष्कराने ती शेवटपर्यंत उगीच ठेवली का?

---

दुपंखी
अमेरिकन लष्कराच्या शाळा हजारोंच्या संख्येने चालत होत्या. त्यांना गाळण्यासाठी आणखी एक चाळणी हवी होती, आणि बीटी-१३ पडून होत्या. पण शिकणाऱ्याच्या बाजूने बघा. बीटी-१३मध्ये तो नवा कॉकपिट शिकतो: कुठली कळ कुठे, कुठल्या वेगाला काय. दहा-पंधरा तास त्यात जातात. जरा हात बसला की विमान बदलतं आणि हार्वर्डमध्ये पुन्हा पहिल्यापासून. बरं, बीटी-१३मध्ये चाकं आत-बाहेर करण्याची सवयच लागत नाही. हार्वर्डमध्ये सगळ्यात महागात पडणारी चूक नेमकी तीच.

ब्रिटिशांचा आपला अनुभवही हाताशी होता. इंग्लंड आणि कॅनडात टायगर मॉथ या हलक्या प्राथमिक शिकाऊ विमानावरून थेट हार्वर्ड हीच वाट चालू होती, आणि टायगर मॉथ तर १३० अश्वशक्तीची. टेरेलमध्ये मधली पायरी काढल्यावर वाचलेले तास हार्वर्डला मिळाले, रात्रीच्या आणि लांबच्या उड्डाणांना मिळाले.

---

शंकासुर
स्टीअरमन सुरू कशी करत? बॅटरी होती का?

---

दुपंखी
हाताने. आणि किल्ली फिरवली की झालं, असं ते काम नाही.

इंजिन गोल, सात सिलिंडरचं. रात्रभर उभं राहिलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांमध्ये साचतं. तसंच सुरू केलं तर पिस्टन वर येतो, तेल दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेला रॉड तेव्हाच कळेल असं नाही, पुढे वीस-तीस तासांनी हवेत तुटतो. म्हणून आधी मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारं यंत्र) बंद असल्याची खात्री, मग प्रोपेलर हाताने ओढायचा. चार-स्ट्रोक इंजिन, म्हणजे सगळे सिलिंडर एकदा दाबातून जायला पूर्ण दोन फेरे. दोन पात्यांच्या प्रोपेलरला निदान चार पाती मोजायची. मध्येच पातं अडलं तर जोर लावायचा नाही, उलटंही फिरवायचं नाही. उलटं फिरवलं की तेल इनटेक नळीत जातं आणि सुरू होताना पुन्हा आत ओढलं जातं. खालचे स्पार्क प्लग काढायचे, तेल गळू द्यायचं, मग पुढे.

त्यानंतर एक जण डाव्या बाजूला चाकाजवळ उभा राहून हँडल आत घालतो. ते इंजिन फिरवत नाही, एका जड फ्लायव्हीलला फिरवतं. सुरुवातीला हँडल हलता हलत नाही, हळूहळू वेग येतो आणि आवाज चढत चढत शिट्टीसारखा होतो. तो पट्टीत आला की हँडल काढून बाजूला व्हायचं, क्लच ओढायचा आणि फ्लायव्हीलमधली सगळी ताकद एकदम इंजिनाला. नाही पेटलं तर पुन्हा पहिल्यापासून. घाईत प्राइम (सुरू करण्याआधी आत पेट्रोल सोडणं) जास्त केलं तर इंजिन पेट्रोलने भिजतं आणि हँडल मारणाऱ्याच्या शिव्या खाव्या लागतात.

---

चक्रधर
शिकवणाऱ्याचं बोलणं मुलाला ऐकू कसं जायचं, हेही लिहा कोणीतरी. उघडं कॉकपिट, समोर इंजिन.

---

होकायंत्र
रबरी नळीने. शिकवणाऱ्याच्या तोंडाशी नरसाळं, त्याची नळी मुलाच्या टोपीतल्या कानापर्यंत. वीज नाही, काही नाही. आवाज एकाच दिशेने जातो: गुरू बोलणार, शिष्य ऐकणार. उत्तर द्यायचं तर मान हलवून, आणि ते गुरूने छोट्या आरशातून बघायचं.

नळीचं नाव गॉस्पोर्ट. इंग्लंडमधल्या त्या गावी १९१७ साली रॉबर्ट स्मिथ-बॅरी याने उड्डाण शिकवण्याची पद्धतच बदलली. त्याआधीचा सल्ला असा की धोक्याच्या जवळ जाऊ नका. त्याने उलट केलं: मुद्दाम स्पिनमध्ये (विमान गोल फिरत खाली कोसळतं त्या अवस्थेत) घाला, बाहेर कसं यायचं ते शिकवा, मग भीती जाते. टेरेलचा स्पिनचा धडा थेट त्याच शाळेतून आलेला.

---

दुपंखी
तो धडा असा. पुरेशी उंची गाठायची, खाली-आजूबाजूला विमान नाही हे दोन्हीकडे वळून बघायचं. थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी कळ) बंद, नाक वर, वेग मरू द्यायचा. स्टॉल होतानाच, म्हणजे पंखांची उचल संपतानाच, पूर्ण रडर (शेपटीवरचं पायाने चालणारं सुकाणू) एका बाजूला, काठी (नियंत्रणाचा दांडा) पोटाशी. विमान एका पंखावर कोसळतं आणि फिरायला लागतं. आता बाहेर यायचं: थ्रॉटल बंदच आहे ना ते पाहा. फिरण्याच्या उलट पूर्ण रडर. किंचित थांबा. मग काठी ठामपणे पुढे. फिरणं थांबलं की रडर मध्यावर, आणि डुबकीतून हळू बाहेर.

चुका तीनच, पण ठरलेल्या. पहिली, रडर अर्धवट देणं. दुसरी, काठी आधी आणि रडर नंतर. स्पिनमध्ये नाक जमिनीकडे असतं म्हणून मन सांगतं काठी ओढ. ओढली की पंख स्टॉलमध्येच अडकतो. तिसरी म्हणजे फिरणं थांबल्यावरही रडर तसाच ठेवणं. मग विमान दुसऱ्या बाजूने फिरायला लागतं आणि मुलाला वाटतं आपला उपायच चुकला.

पण उंचीवरच्या स्पिनने फारसं कोणी मरत नाही. मरतात ते उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणावर. वारा मागून ढकलतोय, धावपट्टीची रेषा हुकतेय. मुलगा पंख आणखी कलवायला घाबरतो आणि नाक वळवण्यासाठी आतल्या बाजूचा रडर जास्त देतो. नाक खाली जातं, म्हणून काठी ओढतो. आतल्या बाजूचा पंख आधी स्टॉल होतो आणि विमान उलटं पडतं. खाली पाच-सहाशे फूट. तिथे वरची सगळी कृती पाठ असूनही उपयोग नाही, तेवढी उंचीच नसते. हार्वर्ड यात स्टीअरमनपेक्षा फार कठोर, पंख झटकन टाकते.

---

कोरडवाहू
गिरकीचं राहिलं.

---

दुपंखी
हो. ग्राउंड लूप. शेपटीला चाक असलेल्या विमानात मुख्य चाकं पुढे आणि गुरुत्वमध्य त्यांच्या मागे. विमान जरा तिरकं झालं की मागचं वजन पुढे जायला बघतं. हातगाडी पुढून ओढण्याऐवजी मागून ढकलत न्या, लगेच समजेल. स्टीअरमन उंच आणि चाकं जवळजवळ, म्हणून खालच्या पंखाचं टोक जमिनीला घासतं. कापड फाटलं तर अर्ध्या दिवसाचं काम. आतली लाकडी तुळई तडकली तर पंख उतरवावा लागतो.

गंमत अशी की गिरकी सहसा टेकताना येत नाही. विमान टेकलं, वेग निम्मा झाला, मुलाने सुटकेचा श्वास सोडला आणि पाय सैल केले, तिथे येते. तोवर रडरवरचा वारा संपलेला असतो, आणि घाबरून ब्रेक दाबला तर भलत्याच बाजूचा. जमिनीवर चालवत नेऊन विमान उभं करेपर्यंत पाय काम करत राहिले पाहिजेत, हे ओरडून सांगणं हा शिकवणाऱ्यांचा रोजचा उद्योग.

---

शंकासुर
आणि चाकं न काढता उतरणं? हार्वर्डमध्ये?

---

चक्रधर
यावर मी लिहितो. हार्वर्डच्या हायड्रॉलिकमध्ये एक खोच आहे. चाकांची कळ नुसती खाली केली म्हणून भागत नाही. आधी डाव्या बाजूची 'पॉवर पुश' कळ दाबायची. ती दाबली की पंपाचा दाब ठरावीक वेळापुरता चाकांच्या आणि फ्लॅपच्या यंत्रणेकडे वळतो, मग आपोआप सुटतो. मुलगा चाकांची कळ खाली करतो, पॉवर पुश विसरतो. चाकं स्वतःच्या वजनाने बाहेर लोंबकळतात, पण कुलूप बसत नाही. टेकल्यावर मिटतात.

म्हणून खात्री डोळ्यांनी. पंखाच्या वरच्या बाजूला छोट्या खिडक्या आहेत, त्यातून कुलपाची खीळ बसलेली दिसते. दोन्हीकडे बघायचं, एकीकडे नाही.

भोंगाही असतो: थ्रॉटल ओढला आणि चाकं खाली नसली तर वाजतो. पण स्टॉलचा सराव करताना तो तासभर वाजतच असतो. कान इतका सरावतो की उतरताना खरा वाजला तरी मेंदू दाद देत नाही. यंत्राने सूचना फार वेळा दिली की माणूस ती ऐकणं सोडतो, हे तेव्हाही असंच होतं.

---

होकायंत्र
आता मूळ मुद्द्याकडे. टेरेलची गोष्ट विमानांपुरती नाही, नापास करण्याच्या पद्धतीचीही आहे.

त्याच काळात हजारो ब्रिटिश कॅडेट अमेरिकेत दुसऱ्या वाटेनेही शिकत होते: आर्नोल्ड योजना. त्यात मुलं थेट अमेरिकन लष्कराच्या आग्नेयेकडच्या शाळांत. जून १९४१ ते मार्च १९४३मध्ये ७,८८५ दाखल झाले, ४,४९३ वैमानिकाचा पंखांचा बिल्ला लावून बाहेर पडले. म्हणजे शंभरातले त्रेचाळीस गळाले. टेरेल आणि तिच्या पाच बहिणींमध्ये गळती यापेक्षा बरीच कमी होती.

मुलं तीच. त्याच कार्यालयांत निवडलेली, त्याच बोटींनी आलेली.

---

चक्रधर
लष्करी शाळांत लोक शिस्तीलाच कंटाळून गळाले असं नेहमी लिहिलं जातं. वरच्या तुकडीने खालच्यांना छळायचं, हात काटकोनात वळवत जेवायचं वगैरे. मला ते कारण पुरतं वाटत नाही.

---

होकायंत्र
पुरत नाहीच. छळ होता, आणि बॉम्बहल्ल्यात घर गमावलेल्या पोराला भिंतीशी उभं करून हनुवटी आत घ्यायला लावणं हा आचरटपणाच होता. पण खरा फरक घड्याळाचा.

लष्करी शाळेत प्रत्येक पायरीला तासांची मर्यादा, आणि ती ओलांडली की तपासणीचं उड्डाण. त्यात नापास तर दुसरा तपासनीस, मग बाहेर. त्यांच्याकडे माणसांची वाण नव्हती, एक गेला तर मागे दहा उभे. एकट्याने पहिलं उड्डाण आठ ते बारा तासांत झालंच पाहिजे, असा हिशेब. काही मुलं सहाव्या तासाला उडतात, काही चौदाव्या, आणि चौदाव्याला उडणारा पुढे चांगला वैमानिक होतो हेही दिसतं.

बीएफटीएसमध्ये निकाल ब्रिटिशांच्या हातात. त्यांना प्रत्येक माणूस समुद्र ओलांडून आणावा लागत होता. परत पाठवायचा तर पुन्हा बोट, पुन्हा पाणबुड्या. म्हणून आधी शिकवणारा बदलून बघ, चार-पाच तास जादा दे, मग ठरव. सैल शिस्त म्हणा हवं तर, पण हिशेबाला धरून होती. आणि शिकवणारे नागरी, पिकांवर फवारणी करणारे, मेळ्यांत विमानं उडवणारे. तासांची भीती दाखवून शिकवणं हा त्यांचा स्वभावच नव्हता.

आर्नोल्ड योजनेत गळालेले सगळे वाया गेले असंही नाही. बरेच कॅनडात जाऊन नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारे झाले.

---

रेघोटी
नॅव्हिगेशनचं नाव निघालं म्हणून. टेरेलच्या शिकवणाऱ्यांना टेक्सास तळहातासारखं ठाऊक होतं आणि तीच अडचण होती. रेल्वेमार्ग धर, पाण्याच्या टाकीवर गावाचं नाव वाच, पुढे जा. आभाळ स्वच्छ, गावं दूर दूर, रात्री दिव्यांचे पुंजके. ब्रिटिश अधिकाऱ्यांना हे नको होतं. इंग्लंडमध्ये रेल्वे दर पाच मैलांवर आहे आणि दिवा एकही नाही. म्हणून वर्गात वाऱ्याचा त्रिकोण घोटून घेत: नकाशावरची दिशा, हवेतला वेग, वारा, त्यावरून नाक कुठे ठेवायचं आणि जमिनीवर वेग किती.

चूक सुधारायचा साधा नियम, साठास एक. ६० मैल गेल्यावर रेषेपासून ४ मैल बाजूला असाल तर चूक ४ अंशांची. ३० मैलांवरच ४ मैल सरकला असाल तर ८ अंश. फक्त तेवढाच कोन वळलात तर मूळ रेषेला समांतर जाल, मुक्कामाला पोचणार नाही. मुक्कामापर्यंतच्या अंतराचाही कोन काढून त्यात मिळवायचा. अर्धी वाट झाली असेल तर दुप्पट. ही मिळवणी मुलं हमखास विसरतात.

दुसरी फसगत होकायंत्राची (आयडीची नव्हे :)). उत्तर गोलार्धात उत्तरेकडे वळताना सुई मागे राहते, म्हणून अलीकडेच वळण थांबवायचं. दक्षिणेकडे पुढे धावते, म्हणून ओलांडून थांबायचं. टेक्सासला आणि पुण्याला हा नियम एकच. दिशादर्शक जायरो (फिरत्या चकतीवर चालणारं दिशेचं यंत्र) ही अडचण करत नाही, पण तो हळूहळू सरकतो. दर पंधरा मिनिटांनी सरळ, समतल उडताना होकायंत्राशी जुळवायचा. वळणात जुळवला तर चूकच पक्की करून घेतली.

---

शंकासुर
ढगात कसं शिकवत, टेक्सासात ढगच नसतील तर?

---

रेघोटी
दोन गोष्टींनी. हार्वर्डच्या मागच्या कॉकपिटवर कापडी बुरखा ओढायचा. मुलगा आत, नुसती यंत्रं बघत. शिकवणारा पुढे, बाहेर बघत. आणि जमिनीवर लिंक ट्रेनर. एडविन लिंकच्या वडिलांचा पियानो-ऑर्गनचा कारखाना होता, आणि ऑर्गनमधलेच चामड्याचे भाते त्याने छोट्या निळ्या विमानाखाली लावले. पंप हवा ओढतो, काठी हलवली की एका भात्यातून हवा जाते, दुसरा फुगतो, खोकं झुकतं. झाकण लावलं की बाहेरचं काही दिसत नाही. शेजारच्या टेबलावर नकाशा आणि त्यावर तीन चाकांचा 'खेकडा', तो शाईने मार्ग काढत जातो. तासाभराने मुलगा बाहेर येऊन बघतो की सरळ गेलो असं वाटलं तिथे आपण चक्क वर्तुळ काढलंय.

मुख्य धडा: कानातल्या तोलावर विश्वास नाही. हळूहळू वळणात गेलेलं विमान कानाला सरळ वाटतं. मग कृत्रिम क्षितिज (विमानाचा कल दाखवणारं यंत्र) बघून ते सरळ केलं की उलट्या बाजूला कलल्यासारखं वाटतं, आणि मुलगा पुन्हा वळणात शिरतो.

---

चक्रधर
हे सगळं असूनही २० फेब्रुवारी १९४३.

---

होकायंत्र
हो. टेरेलहून मायामी, ओक्लाहोमाकडे निघालेल्या हार्वर्डपैकी दोन वाटेतल्या वाशिटा डोंगरांत आदळली. चार कॅडेट गेले. खाली उतरलेले ढग, धुकं. टेरेलच्या आसपास टेकाड म्हणावं असं काही नाही, त्यामुळे ढगाखालून जायचं ही सवय तिथे निभावते. उत्तरेला डोंगर लागले की ढगाचा तळ तोच राहतो, जमीन वर येते. दरीत शिरलं की वळायला जागा नाही. तिथे २००० साली स्मारक उभं राहिलं.

टेरेलच्या ओकलँड स्मशानभूमीत वीस ब्रिटिश कबरी आहेत. गावातल्या लोकांनी त्या वर्षानुवर्षं सांभाळल्या. विमानतळावर शाळेचं संग्रहालयही आहे.

---

कोरडवाहू
त्याच काळात आपल्याकडे काय होतं? कोणी लिहील का?

---

चक्रधर
थोडक्यात. युद्ध सुरू झालं तेव्हा भारतीय हवाई दल म्हणजे १६ अधिकारी आणि १४४ हवाई सिपाही. पहिली गरज फ्लाइंग क्लबांतल्या लोकांनी भागवली. किनारारक्षणाच्या तुकड्या उभ्या राहिल्या, त्यातली मुंबईची जुहूला. १९४०मध्ये २४ भारतीय वैमानिक इंग्लंडला गेले. इकडे प्राथमिक उड्डाण बेगमपेठ आणि जोधपूरला, टायगर मॉथवर. पुढचं अंबाल्याला: आधी हार्ट आणि ऑडॅक्स ही जुनी विमानं, नंतर हार्वर्ड. म्हणजे वर दुपंखी म्हणाले तीच दोन पायऱ्यांची वाट. पॉवर पुशची खोचही तीच, कारण विमान तेच, आणि ते स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं आपल्याकडे उडत होतं.

आणखी एक. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४०मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट काढली. तिथून ऑगस्ट १९४१मध्ये उडालेलं पहिलं विमान लढाऊ नव्हतं. हार्लो पीसी-५, दोन आसनांचं शिकाऊ विमान.

---

शंकासुर
शेवटचा प्रश्न. टेक्सासमधले २०० तास घेऊन मुलगा इंग्लंडला आला की थेट लढायला?

---

रेघोटी
छे. परदेशात शिकलेल्यांसाठी इंग्लंडमध्ये वेगळी शाळा, प्रगत उड्डाण युनिट. तिथे मास्टर किंवा ऑक्सफर्ड या शिकाऊ विमानांवर पुन्हा उड्डाण. विमान उडवायला नव्याने शिकायचं नव्हतं, शिकायचं ते हे बेट ओळखायला. वरून शेतांचे तुकडे गोधडीसारखे, रस्ते वाकडे, दर दहा मैलांवर विमानतळ आणि सगळे सारखे. टेक्सासमध्ये चाळीस मैलांवरून गाव दिसायचं. इथे दोन मैलांवर दिसलं तर नशीब. भलत्याच विमानतळावर उतरणं नित्याचं. त्यानंतर ऑपरेशनल ट्रेनिंग युनिट (प्रत्यक्ष लढाईच्या विमानांवरचा सराव), मग स्क्वाड्रन.

रात्रीसाठी एक युक्ती होती. विमानतळापासून काही मैलांवर ट्रेलरवर ठेवलेला लाल दिवा दोन अक्षरांचा मोर्स संकेत लुकलुकवत राही. शत्रूला विमानतळ सापडू नये म्हणून तो दूर ठेवत आणि जागा बदलत. मुलाने अक्षरं वाचायची, निघताना दिलेल्या कागदाशी ताडायची, आणि त्या रात्री दिव्यापासून विमानतळ कुठल्या दिशेला किती मैल ते बघून वळायचं. काल रात्रीचा कागद खिशात राहिला तर दिवा बरोबर वाचूनही विमान अंधाऱ्या शेतावर.

त्या दिव्याला रॉयल एअर फोर्समध्ये नाव होतं 'पंडित'. आपल्याकडूनच गेलेला शब्द.